टाचेला हात

केवळा,

फिजिओथेरपीच्या बाईंकडे चाललो आहे. टाच कशी धरायची आणि पंजा किती वाकवायचा, ते नीट विचारून येतो. तू झोपली होतीस, उठवावंसं वाटलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे, साखर बहुतेक जास्त झाली.

घोट्याचं लिगामेंट नुसतं बसून बरं होत नाही म्हणतात. पण काल मी हात लावला तर तू म्हणालीस, "सोडा हो! नवऱ्यानं पाय धरले तर मला पाप लागतंय." घरातल्या सगळ्या पोथ्या चाळल्या. तसं कुठं लिहिलेलं दिसलं नाही. माझ्या नजरेतून सुटलंही असेल.

तू मोरीपर्यंत भिंत धरत जातेस, ते मला बघवत नाही.

सुनेसमोर लाज वाटत असेल तर ती शाळेतून यायच्या आत करू. मी कडी लावतो. तू खिडकीकडं तोंड कर, मी मान खाली घालून बसतो. पाप लागायचंच असेल तर हात माझा आहे, मला लागू दे. तू फक्त पाय ओढून घेऊ नकोस.

येताना गंजगोलाईच्या बाजारातून तुझी विड्याची पानं आणतो.

दिगंबर