अप्पांच्या मेलची कॉपी

अप्पा, तुम्ही गेल्यावर ऑफिसात राहिलेला तुमचा जुना कम्प्युटर आता निघणार. पंखा घरघर करतो, स्क्रीन मधेच काळी होते, आणि उद्या भंगारवाला यायचाय. तुमचे सगळे मेल त्याच्यातच आहेत. मी ते नव्या डिस्कवर उतरवून घेतलेत, पण तुमच्या लेखी ती अजून कॉपी झालेलीच नाही. एखादा मेल पुसून तो कॉपीतून परत आणल्याशिवाय तुम्ही कशालाच कॉपी म्हणत नव्हतात. इथंच घोडं अडलंय. सकाळपासून बसलेय, आणि तुमचा एकही मेल पुसवत नाही.

उदगीरच्या मोंढ्यातलं डाळीच्या दलालीचं आपलं एवढंसं ऑफिस, पण सोमवारी तिथं तुमचा थाट बघावा. दिवसभर उपवास, कपाळावर विभूती, आणि संध्याकाळी बॅकअप. फाईल परत आल्याशिवाय तुम्ही सोमवार सोडायला घरी येत नव्हतात. आई फोनवर करवादायची, "भाकरी गार व्हायली, येताव का न्हाई?" तुम्ही शांतपणे म्हणायचात, "थांब गं, फाईल यायलीय." एकदा ते काम माझ्याकडं दिलंत. मी एक रिकामी फाईल बनवली, पुसली, परत आणली आणि ऐटीत तुम्हाला दाखवली. "लई शहाणी हायस," तुम्ही म्हणालात. "रिकामी फाईल पुसून काय बघायलीस? जी पुसताना पोटात गोळा येतो, ती पूस." मग हैदराबादच्या व्यापाऱ्याचे सगळे सौदे असलेली फाईल मला पुसायला लावलीत. मी दोनदा तुमच्याकडं बघून मग बटण दाबलं, आणि तुम्ही मजेत चष्मा पुसत होतात.

आणि ती खंडेनवमी! काकांनी हौसेनं कम्प्युटर पाटावर मांडला, त्याला विभूतीचे पट्टे ओढले. बॅकअपची डिस्क तरी पूजेविना का राहावी, म्हणून तीही त्याच्याच डोक्यावर ठेवली, वर बेलाचं पान वाहिलं. आणि नारळ फोडला तो नेमका त्या दोघांच्या वर धरून. पाणी दोन्हीत गेलं, दोन्ही बंद. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता तुम्ही सख्ख्या भावाला फाडून खाता. तुम्ही खदखदून हसलात. "देवाला परसाद पावला म्हणायचा," म्हणालात, घरी गेलात आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मेथीच्या डब्यामागं ठेवलेली तिसरी कॉपी घेऊन आलात. आई नंतर कितीतरी दिवस चिडवायची, "आज ह्या डिस्कलाच फोडणी देऊ का?" तुम्ही मात्र पुढच्या सोमवारपासून डिस्क घरी पोचवायचं काम काकांनाच दिलंत. ज्याच्या हातून बिघडलं, त्याच्याच हातात विश्वासानं परत द्यायला काय काळीज लागत असेल हो! मला अजून नाही जमत. माझ्याकडं कुणाच्या हातून काही बिघडलं, की मी आधी आवाज चढवते.

आज तुमचे मेल उघडून बसलेय. मी नांदेडला होस्टेलवर होते तेव्हाचे बघते. "जेवलीस का. उत्तर दे." बस, एवढंच. मेल टाकला की लगेच फोन करून सांगायचात, "मेल टाकलाय, बघ," आणि विचारलं तर त्यात काय लिहिलंय ते फोनवर सांगत नव्हतात. मी हसायचे तेव्हा. आता ह्यातला कुठला पुसू? सौद्याचा एखादा पुसावा म्हटलं, तर त्याच्याही खाली तुम्ही समोरच्याच्या पोरांची चौकशी केलेली.

रिकामी फाईल तुम्हाला चालायची नाही, आणि तुमचं पुसायला हात धजत नाही. म्हणून मी ही वाट काढली, की तुमच्याच मेलमध्ये तुम्हाला पत्र लिहायचं, ते कुणालाच पाठवायचं नाही, कॉपी काढायची, मग हे पुसायचं आणि परत येतंय का ते बघायचं. चार ओळी खरडून मोकळी होणार होते, अप्पा, खरंच. आता हेही पुसवत नाही. भंगारवाल्याला फोन करते, उद्या येऊ नको म्हणून.