गरम सॅलडवर ठरलेली रजा

ती. आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. बोटं जरा भाजलीत, एवढंच.

बाई म्हणाल्या होत्या, "पाहुण्यांना जर्मन पद्धतीचं बटाट्याचं गरम सॅलड आवडलं, तर तुला रजा." वाफाळते बटाटे हातानेच सोलले, चकत्या केल्या, परतलेला कांदा घालून वर उकळतं व्हिनेगर ओतलं. पाहुण्यांनी भांडं चाटूनपुसून संपवलं.

मी रजेचं विचारलं. बाई म्हणाल्या, "इतकं छान करतेस, आता तुला कशी सोडू?"

सगळे हसले. मीही हसले गं.

जेवतेस ना वेळेवर? डोळ्याच्या ऑपरेशनला शेजारच्या काकूंना ने. दवाखान्यात मुलीचीच सही हवी म्हणाले, तर मुलगी नाही म्हणून सांग. काम अडायला नको.

तुझीच,
लेक