पातळच राहिलेलं स्टायरीन

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. बाकीचे विद्यार्थी तुमच्या आठवणी काढताना हळवे होतात. मी तेवढ्यात उठून चहा टाकायला जाते.

नव्वदीची सुरुवात. कल्याणच्या आपल्या कॉलेजची प्रयोगशाळा, आणि तुमच्या परदेशातल्या मैत्रिणीने पाठवलेली बोटाएवढी कुपी. आत चिमूटभर काळी पूड, फुलरीन. साठ कार्बन अणूंचा पोकळ चेंडू. कुणी हात लावायचा नाही अशी तुमची ताकीद, आणि तरी त्यातली थोडी तुम्ही मला दिलीत. "आंबिवलीहून येऊन रोज वेळेवर हजर असणारी तू एकटीच आहेस," म्हणालात. त्या वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते. प्लास्टिक तयार होताना ही पूड काय करते ते बघायचं, एवढंच काम. स्टायरीनमध्ये पेरॉक्साइड घालून गरम पाण्यात ठेवलं की रॅडिकल, म्हणजे जोडीसाठी अधीर असलेले अर्धवट रेणू, तयार होतात, एक रेणू दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला, आणि साखळ्या वाढत जाऊन त्या पातळ द्रवाचं घट्ट प्लास्टिक होतं. फक्त स्टायरीन आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवून घ्यायचं, कारण ते बाटलीतच घट्ट होऊ नये म्हणून कंपनी त्यात रोधक घालते. तो राहिला तर नळीत काही घडत नाही.

शनिवारी तुमची पद्धत ठरलेली. सगळ्यांनी आपापल्या नळ्या टेबलावर मांडायच्या आणि तुम्ही एकेकीचं बूच काढून ती सरळ उलटी करायची. माझी साधी, पूड न घातलेली नळी उलटी केलीत, थेंब पडला नाही. फुलरीनची उलटी केलीत आणि सगळं स्टायरीन तुमच्या रजिस्टरवर, पदरावर. प्रयोगशाळेतले मामा फडकं घेऊन धावले. "बाय, ह्ये तं पानीच हाय!" पोरं खो खो हसली.

मी सांगतेय, "बाई, हेच तर झालंय! साखळीचं वाढतं टोक त्या चेंडूला चिकटत असणार आणि तिथेच अडकत असणार." तुम्ही पदर पुसताय, माझ्याकडे बघतही नाही. "अगं, स्टायरीन धुवायचा कंटाळा केलास, आणि वर सिद्धांत मांडतेस?" सगळ्यांसमोर. मग माझ्या वहीच्या पानावर लाल रेघ, आणि सोमवारपासून दुसरा विषय, रंगाला लागणारी रेझिनं. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या. कुपीही तुम्ही कपाटात ठेवून कुलूप लावलंत.

पुढे जगभर लोकांनी तेच पाहिलं, तेच छापलं. फुलरीन रॅडिकल टिपून घेतं, प्लास्टिक होणं लांबवतं, अडवतं. मी तोवर तुमच्याकडची पीएचडी सोडून डोंबिवलीच्या एमआयडीसीत, बादल्यांच्या कारखान्यात प्लास्टिकचे दाणे तपासत होते. वाचनालयात ते वाचलं तेव्हा मासिक फाडून टाकावंसं वाटलं. एक नळी, बाई! एक नळी मला परत लावू दिली असतीत तर आज ते काम माझ्या नावावर असतं. तुमच्या शोकसभेला मी आले नाही ती त्यामुळेच.

हे तुमच्या तोंडावर बोलायची हिंमत तुम्ही असताना झाली नाही, आणि आता हे पाठवायचं तरी कुठे? पण लिहायला बसलेच आहे तर राहिलेलंही लिहिते. रेघ मारण्याआधी तुम्ही एकदा थांबला होतात. पेन हातात धरून विचारलंत, "दोन्ही नळ्या एकाच दिवशी धुतलेल्या स्टायरीनच्या आहेत ना?" मी म्हटलं, "हो, बाई." नव्हत्या. साधी नळी आदल्या आठवड्याची होती. फुलरीनच्या नळीसाठी स्टायरीन धुतलं तेव्हा शेवटच्या पाण्यालाही लालसर झाक होती, म्हणजे रोधक अजून होता. संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून मी ते पुन्हा धुतलं नाही.