शिवणीचा दस्ता

तीर्थरूप दादा,

‘तीर्थरूप’ लिहावे की ‘कैलासवासी’, याचा मी बराच विचार केला. वडील मंडळींना ‘तीर्थरूप’ लिहावे, एवढे गुरुजींनी चौथीत शिकवले. मनुष्य गेल्यावर काय लिहावे, हे शिकण्याआधीच माझी शाळा सुटली. म्हणून शिकवले तेवढे पाळतो. तोंडावर मी तुम्हांस एकेरीत बोलत असे, परंतु कागदावर ते शोभत नाही.

पत्राचे कारण आनंदाचे आहे. काल सकाळी धुके फाटताच पलीकडच्या उतारावरील भातखाचरात रानडुकरांचा कळप शिरला. त्यांचा म्होरक्या मी अलीकडच्या कड्यावरून, तुमच्याच खडकावर कोपर टेकून, एका गोळीत पाडला. रायफल तुमचीच होती. खांद्याला टेकवावयाचा लाकडी दस्ता मात्र तुम्ही बसवलेला नव्हता, आणि त्याचीच हकिगत तुमच्या कानी घालावयाची आहे.

तुम्ही कड्यावर घसरलात आणि रायफल दस्त्याच्या मानेपाशी मोडली, तेव्हा पुण्याहून अक्रोडाचा तयार दस्ता आणलात. काय त्याची झळाळी होती! वैशाखात तुम्ही पलीकडच्या दगडावरचा चुन्याचा ठिपका अचूक टिपलात. भाद्रपदात मात्र डुकरे समोर उभी असताना गोळी हातभर उजवीकडे गेली. पुढल्या भाद्रपदातही तेच. पारावर धोंडू म्हणाला, “थोरल्या आबांची नजर गेली, गड्या.” ते तुम्ही ऐकलेत, घरी येऊन रायफल कोपऱ्यात उभी केलीत आणि अखेरपर्यंत तिला हात लावला नाहीत.

माझ्यापाशी एक शब्द बोलला असतात, तर काय बिघडले असते? धाकटा म्हणून जन्मभर मला काडतुसे वाहावयास लावलीत, सल्ला कधी विचारला नाहीत. तो राग मी अद्याप सोडलेला नाही.

तुमच्या मागे परवाना माझ्या नावे झाला. वैशाखात ठिपका मलाही लागला. भाद्रपदात माझीही गोळी उजवीकडेच गेली आणि भात आडवे झाले. गावाने बजावले, “धाकटे आबा, पुढल्या साली बी भात गेलं, तर रायफल लोनावळ्याच्या बंगलेवाल्या शेठला इकायची आन् राखणदार ठिवायचा.” तुमची रायफल शेठच्या दिवाणखान्यात शोभेला लटकणार! मला अन्न गोड लागेना.

वहिनी दळत होत्या. मी त्यांस म्हणालो, “दोन भावांची नजर भाद्रपदात जाते आणि वैशाखात परत येते, असा रोग कोणत्या वैद्याने पाहिला आहे?”

वहिनींनी जाते थांबवले नाही. म्हणाल्या, “नजर कशाला जाईल, भावजी? लाकूड फुगत आसंल. माज्या म्हायेरी पावसाळ्यात जात्याचा खुंटा आसा आवळायचा, की उपटंना. उन्हाळ्यात चिंधी गुंडाळल्याबिगर ऱ्हायचा न्हाई.”

“आणि हा खुंटा?”

“ह्येला मी नवरी होऊन आल्यापास्नं चिंधी लावल्याली न्हाई. शिवणीचा हाय. तुमच्या दादानंच तासला. त्याच झाडाचा ओंडका माळ्यावर धूर खात पडलाय.”

मी तत्काळ दस्ता सोडवला. आत, नळी जिथे बसते त्या खाचेत, एका बाजूस लाकूड घासून चकचकीत झाले होते. पावसाळ्यात फुगून ते नळीला रेटत होते. जवळच्या नेमाला ते कळत नाही. दरीपलीकडे गोळी हातभर सरकते. अक्रोड वाईट लाकूड आहे, असे मी म्हणणार नाही. आपल्या कुरवंडे गावच्या धुक्याशी त्याचा परिचय नव्हता, इतकेच.

शिवण म्हणजे ढोलाचे हलके लाकूड, म्हणून विठू सुतार मात्र ते ऐकून हसू लागला. “आबा, बंदूक करायची का ढोल? शिसव घ्या, न्हाई तर साग घ्या.”

शिसव बळकट खरे, पण जड, ते घेऊन मी या वयात कडा कसा चढणार? आणि सागाची मान बाराच्या धक्क्याने चिरेल, अशी धास्ती पुढे त्यालाच वाटू लागली. मी म्हणालो, “तू शिवणीचा कर. बंदूक साधली नाही, तर ढोल तुझ्याच घरी ठेव.” ओंडक्यात जिथे फांदी फुटून खोड वळले होते, तोच भाग आम्ही निवडला, म्हणजे मानेच्या वळणात लाकडाच्या रेषा तुटत नाहीत. विठूने दस्ता घडवला आणि जवसाचे तेल मी स्वतः जिरवले. वैशाखात ठिपका लागला. संपूर्ण पावसाळा रायफल मी मुद्दाम ओसरीवर, ओल्या हवेत ठेवली. भाद्रपदात ठिपका पुन्हा लागला. तरी काल म्होरक्या पडेपर्यंत मी कोणापाशी बोललो नाही.

काल पारावर धोंडूच पुढे आला. “आबा, तुमची नजर लय तेज हाय.”

मी म्हणालो, “दादाची माझ्याहून तेज होती. तूच बोलला होतास, आता तूच चारचौघांत दुरुस्त कर.”

तो टोपी काढून म्हणाला, “व्हय, चुकलंच. थोरल्या आबांची नजर गेली नव्हती.”

ऐकलेत ना, दादा? तुमची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. दस्ता फुगत होता.

शिकाऱ्याचा वाटा मी तुमच्या उंबऱ्यावर ठेवला. मी सांगण्याआधीच वहिनी म्हणाल्या, “मला ठावं हाय. एकच बार ऐकला, दुसरा झाडावा लागला न्हाई.” आणि पदर सावरून पुन्हा दळावयास बसल्या.

आता माझे वचन ऐका. रायफल शेठकडे जाणार नाही. दर भाद्रपदात तुमच्या खडकावरून त्या ठिपक्यावर पहिली गोळी तुमच्या नावाने झाडीन. ती चुकली, तर दस्ता सोडवून पाहीन, लाकडाची खात्री करीन, आणि मगच माझ्या नजरेस दोष देईन.

तुमची काडतुसे वाहणारा,
धाकटा सखाराम