फुगेसाहेब, टाचणीबाई आणि उद्याजी

दि. ४ जुलै

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी कादंबरी पोचली. पार्सल आईनेच उघडलं. कात्री शोधायला थांबली नाही, दोरी दातांनी तोडली. वर तुझं नाव छापलेलं बघून तिने ते पदराने पुसलं, धूळ नसताना. मग खिडकीशी बसून वाचायला लागली आणि पहिल्याच प्रकरणात एवढी हसली की ठसका लागला, मला पाणी घेऊन धावावं लागलं. मला वाटलं, लेकाचं कौतुक. संध्याकाळी मी वाचायला घेतली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

अरे, तळ्यावर राज्य करणाऱ्या बेडकाचं नाव फुगेसाहेब? आणि त्याला भर सभेत चोच मारून फोडणारी बगळी टाचणीबाई? तुला खरंच आठवत नाही, की सोयीस्कर विसरलास? जेवताना गावातल्या कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही, असा आईचा नियम. खिडकी उघडी, गल्ली अरुंद, म्हणून तिने प्रत्येकाला एकेक नाव पाडलं होतं. बोलायच्या आधी गाल फुगवणारे समोरचे वाचनालयाचे अध्यक्ष, ते फुगेसाहेब. त्यांची बायको शिवणकाम करते, ओठांत कायम टाचण्या आणि बोलणंही तसंच, म्हणून ती टाचणीबाई. तू तर नवऱ्याला बायकोकडूनच फोडून घेतलंस, तेही अख्ख्या तळ्यासमोर.

मी त्याच वाचनालयात अजून हंगामी ग्रंथपाल आहे, हे तुला ठाऊक आहे. मला कायम करायचं की घरी बसवायचं, हे या महिनाअखेरच्या बैठकीत ठरणार, आणि ठरवणार फुगेसाहेब. तुझी प्रतिभा नेमकी याच महिन्यात उगवायची होती का?

लोभ कमी झालेला नाही, पण या आठवड्यात मागू नकोस.

तुझी
ताई

दि. ९ जुलै

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. लोक पुस्तकाला शिव्या देतात ते मी समजू शकतो, पण तू माझ्या नावांवरच घाला घातलास. त्यांच्यासाठी मी केवढा घाम गाळलाय. फुगेसाहेब म्हणजे कुठल्याही देशातली सत्ता, जी नुसत्या हवेवर मोठी होते. टाचणीबाई म्हणजे वर्तमानपत्र, अंगाने लहान पण टोकदार. होकारे मासे म्हणजे आपण सगळे. आणि बांधकाममंत्री उद्याजी कासव म्हणजे अख्खी नोकरशाही. तळ्याचा बांध गळतोय, पाणी आटत चाललंय आणि हा चष्मा पुसत रोज म्हणतो, उद्या बघू. यात तुमच्या गल्लीचा काय संबंध? फुगेसाहेब हे नाव मला दाढी करताना सुचलं, फेस लावून गाल फुगवले होते तेव्हा. मी तर शाळेत असतानाच मामांकडे राहायला गेलो. तुमच्या जेवणातल्या गप्पा मला कुठून आठवणार?

इथवर लिहून जेवायला गेलो. खानावळीत वाढणाऱ्याला मी सहज ‘पळीपंत’ म्हणालो. शेजारच्या टेबलावरचा हसला आणि विचारू लागला की तुम्हाला अशी नावं सुचतात तरी कुठून. मी घास हातात धरून बसलो. ताई, मला बहुतेक सुचत नाहीत. मला आठवतात.

आता काय करायचं ते तूच सांग. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझा
धाकटा

दि. १५ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

काय करायचं ते आता आपल्या हातात राहिलेलं नाही. फुगेसाहेबांनी पुस्तक वाचलं. काल वाचनालयात आले, माझ्या टेबलापुढे उभे राहिले, गाल फुगवले. मी रजिस्टर उलटं धरून वाचत होते. म्हणाले, गावच्या मुलाने राजकीय रूपक लिहिलंय, त्यावर जाहीर चर्चा झालीच पाहिजे. विषय, पात्रांच्या नावांमागचा अर्थ. वक्ता, मी. दिवस, बैठकीच्या आदल्या संध्याकाळचा. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून मी हो म्हणाले. होकारे माशांत मीही आलेच.

म्हणून तू ते वर्तमानपत्र, नोकरशाही वगैरे सगळं नीट, जड शब्दांत लिहून पाठव. जेवढं कुणाला कळणार नाही तेवढं चांगलं.

घरात एकटे हे मजेत आहेत. त्यांना उद्याजी फार आवडला. न्हाणीघरातला नळ ठिबकत असतो, त्याच्या तालावर हे मला उद्याजीची भाषणं मोठ्याने वाचून दाखवतात आणि डोळे पुसतात. म्हणतात, अशी माणसं असतात खरी. उद्याजी कोण हे मात्र मला आठवेना. बाकीची सगळी नावं मला पाठ आहेत. आईला विचारलं तर तिला एकदम ऐकू येईनासं झालं.

लोभ हवा असेल तर जड शब्द लवकर पाठव.

ताई

दि. १६ जुलै

चि. धाकट्या, तुला आईचे खूप आशीर्वाद. प्रकृतीला जप.

ताईला कळू न देता लिहिते आहे. पुस्तक छान झालंय, शेवट जरा लांबला. बेडकाचं आणि बगळीचं मी निस्तरीन, तू काळजी करू नकोस. पण उद्याजीबद्दल तोंड उघडशील तर माझ्याशी गाठ आहे. ते नाव मी ताईसमोर कधी घेतलेलं नाही. लग्नानंतर जावईबापू आपल्याच घरी राहायला आले आणि त्यांनी पहिल्यांदा नळ बघतो म्हणून सांगितलं, त्या सुट्टीत तू आला होतास आणि मी फक्त तुझ्या कानात म्हणाले होते. तुला बाकी काही आठवत नाही आणि हे बरं लक्षात राहिलं. जावयासारखा जावई शोधून मिळणार नाही, पोटच्या मुलाने सांभाळावं तसं मला सांभाळतात. त्यांना लागलं तर मी कुठे तोंड लपवू?

पत्र फाडून टाक. जेवत जा वेळेवर.

आई

दि. २१ जुलै

ती. सौ. ताईस सा. न.

जड शब्द सोबत पाठवतो आहे. मी स्वतः दोनदा वाचले, मलाही कळले नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करतो. उद्याजी या पात्राचा भाऊजींशी काडीचाही संबंध नाही. नळाशी तर अजिबातच नाही. बांध वेगळा, नळ वेगळा. तू विचारलं नव्हतंस हे मला माहीत आहे, तरी आपलं सांगून ठेवलं.

भाऊजींना नमस्कार. आईला काही सांगू नकोस.

तुझा घाबरलेला
धाकटा

दि. १ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी नळाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं आणि पत्र मुकाट्याने डब्यात ठेवून दिलं. तुला गुप्तहेर खात्यात कुणी घेणार नाही.

चर्चेचं ऐक. वाचनालयाचं दालन भरलं होतं. मी तुझे अर्थ वाचले. लोकांनी माना डोलावल्या. उपाध्यक्षांनी उठून सांगितलं की फुगेसाहेब कोण ते आपण बरोबर ओळखलंय, आणि कुठल्यातरी परदेशी पंतप्रधानाचं नाव घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अध्यक्षीणबाई उभ्या राहिल्या. ओठांतली टाचणी काढून पदराला लावली आणि विचारलं की अर्थ झाले, पण ही नावं पहिल्यांदा ठेवली कुणी? मी तुझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेत आईने हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, सरळ.

धाकट्या, इतकी वर्षं धूळ झटकली, फाटकी पुस्तकं चिकटवली, ते सगळं त्या वर केलेल्या हातावर लटकलेलं दिसलं मला.

फुगेसाहेबांनी गाल फुगवले, अख्ख्या दालनाने ते पाहिले, आणि मग ती हवा हसण्यातून बाहेर पडली. म्हणाले, खिडकी काय तुमचीच उघडी असते? तुमचं सगळं आमच्याकडे ऐकू यायचं. फुगेसाहेब हे नाव ते माझ्या लग्नाआधीपासून ऐकत आलेत. पुस्तक घेतलं ते शेवटी आपलं काय होतं ते बघायला. टाचणीबाई तर म्हणाल्या की त्यांच्या हातून फोडून घेतलं हे एक बरं केलं, दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. आणि त्यांनीही मग आपल्याला नावं ठेवली होती. आई म्हणजे आकाशवाणी. मी म्हणजे शूऽऽ. मुलांना गप्प करताना मी ओठांवर बोट ठेवते ना, म्हणून. ही शूऽऽ गेली तर इथे कुणी वाचायला बसणार नाही, असं अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले. काल बैठक झाली. तुझी ताई कायम झाली.

पण टाचणीबाईंचं समाधान झालं नव्हतं. खाली बसता बसता त्यांनी विचारलं, मग उद्याजी कोण? आई छताकडे बघायला लागली. ती छताकडे बघते आहे हे पाहून सगळं दालन ह्यांच्याकडे बघायला लागलं. हे चष्मा पुसत होते. पुसता पुसता थांबले.

मला फार वाईट वाटलं, रडूच आलं. घरी आल्यावर हे पिशवी घेऊन बाहेर गेले, कुठूनतरी वायसर आणि पाना घेऊन आले, बाह्या सरसावून न्हाणीघरात शिरले. बराच वेळ ठोकाठोक चालली होती. बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, आणि आईपुढे उभे राहून म्हणाले, “आता माझं नाव बदला.”

आईने पदर डोळ्यांना लावला, मग त्यांचं डोकं पुसलं. नळ बंद आहे. घर इतकं शांत झालंय की रात्री आम्हा तिघांनाही झोप लागली नाही. सकाळी ह्यांनी चहा घेताना आईला आठवण केली, नव्या नावाचं काय झालं म्हणून.

उद्या सांगते म्हणाली.

लोभ आहेच, आता कायमच्या नोकरीसारखा. पुढच्या सुट्टीत ये, खिडकीशी तुझी खुर्ची ठेवलेली आहे.

तुझी
शूऽऽ