आतल्या खिशातला पत्ता

मंगळवार, तारीख नऊ

वन्सं,

नमस्कार. आम्ही दोघी मायलेकी बऱ्या आहोत आणि तुम्हीही बऱ्या असाल असं समजून पुढे लिहिते. समजूनच चालायचं, कारण फोन तुम्ही उचलत नाही. एकदा उचललात आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. म्हणून पत्र. पत्र ठेवून द्यायचं तरी आधी फोडावं लागतं, आणि फोडल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही. तुमच्या घरात साडेचार वर्षं काढलीत मी, एवढं कळतं.

माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चौथीनंतर हातात सुई आली ती आलीच. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी कामाचं सांगते. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईखातं आहे, त्याच्या टोकाला शिवणाची खोली. तिथे आम्ही सहाजणी. चादरी, पेशंटचे झगे, डॉक्टरांचे कोट, जे फाटतं ते धुऊन आमच्याकडे येतं. ठिगळ लावा, रफू करा, बटणं लावा, नाड्या लावा. खोलीला खिडकी नाही. पाऊस पडून गेला का, ते वर आल्यावर जमीन बघून कळतं. प्रत्येकीचा दोऱ्याचा रंग ठरलेला आहे. दुरुस्त केलेल्या कापडाच्या कोपऱ्यात आपल्या रंगाचे तीन टाके घालायचे, म्हणजे शिवण उसवली तर कुणाच्या नावाने बोंब मारायची ते कळतं. माझा रंग हिरवा. अजून बोंब नाही. शिवाय प्रत्येक कापडाला एक पांढरी पट्टी शिवायची, तिच्यावर हॉस्पिटलचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. लोक म्हणे चादरी घरी नेतात. आजारी माणूस चादर कशाला पळवेल? इथलं निम्मं मला समजत नाही आणि उरलेलं निम्मं समजलंय असं वाटतं तेही चुकीचं निघतं.

राहायला एक खोली आहे. पलंग भिंतीत दुमडलेला असतो. पहिल्या दिवशी ओढला तो कपाळावर घेतला. शेगडी काचेची आहे, बोट ठेवलं की तापते, पण जाळ दिसत नाही. मी अजून वाकून जाळ शोधते. दार आपोआप लागतं, किल्ली आत राहिली की आपण बाहेर. दोनदा झालं तसं. भिंगरी पायरीवर बसून म्हणाली, "आत्याच्या दाराला कडी होती, ते बरं होतं." मी म्हटलं, "मग जा आत्याकडे." तोंडातून निघून गेलं, झालं.

आपली भाषा बोलणारी एक बाई भेटली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात असते, म्हणून मी तिला स्वयंपाकीणबाई म्हणते. तोंडाचा पट्टा चालूच. पण इकडची भाषा तिला येते, तेव्हा ऐकून घ्यावं लागतं.

तुमची भिंगरी शाळेत जाते. कपड्यांवर नाव घाला असं शाळेने सांगितलं. मी धुलाईखात्यातली ती पांढरी पट्टी वीतभर आणली आणि तुम्ही घेऊन दिलेल्या लाल जाकिटाच्या कॉलरला आतून लावली. शेजारी तीन हिरवे टाके. चोरी म्हणाल तर चोरी. शाळेत तिला भाषा कळते की नाही ते मला कळत नाही. विचारलं तर म्हणते, "कळतं." काय कळतं? "सगळं." मग सांग की. "आता नको." घरातली बडबड कमी झालीय. तुमच्याकडे असताना जीव खायची, तशी आता खात नाही. एखादा प्रश्न विचारते आणि गप्प बसते. मध्ये जेवताना विचारत होती, "आई, हरवायचं असेल तर किती लांब जावं लागतं?"

मी म्हटलं, "आधी ताटातला भात हरव, मग बघू."

"आणि हरवलेल्याला कोण पोचवतं? पोलीस का ड्रायव्हर?"

"जो रिकामा असेल तो. गिळ आता."

पोरं काहीही विचारतात.

जेवणाची सुट्टी संपली, चष्मेवाली मुकादम दारात येऊन उभी आहे. बाकी विशेष काही नाही.


गुरुवार, तारीख अकरा

वरचं वाचून पाहिलं. विशेष काही नाही असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, कारण खोडलेलं तुम्ही उजेडाला धरून वाचता.

भिंगरी गेल्या शुक्रवारी हरवली होती. सापडली. धड आहे. माझ्यासमोर बसून बटणं रंगाप्रमाणे लावते आहे. आता पुढचं वाचा.

शाळा तीनला सुटते. माझं काम पाचपर्यंत, म्हणून ती शाळेतल्याच मोठ्या खोलीत बसते. तशी बरीच पोरं बसतात. त्या दिवशी साडेतीन-पावणेचार झाले असतील. मी एका कोटाची बाही लावत होते. चष्मेवाली आली आणि माझ्याशी बोलायला लागली. मला वाटलं, आली बोंब, कुठलीतरी चादर उसवली. मी हिरवे टाके दाखवायला लागले. ती डोकं हलवते, मी आणखी कापडं दाखवते. शेवटी तिने स्वयंपाकीणबाईला वरून बोलावून आणलं.

ती कणकेच्या हातांनीच आली. म्हणाली, "अहो, तुमची मुलगी बसच्या शेवटच्या स्टॉपवर आहे."

"माझी मुलगी शाळेत आहे."

"लाल जाकीट आहे, वेणी एक, दात एक पडलेला."

"दात तर परवाच पडला."

"मग तीच की! चला ना बाई, चादरी काय बघता!"

वन्सं, तरी मी बाही पुरी केली. दोनच टाके राहिले होते. ते का घातले ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. गाठ मारली, दोरा तोडला आणि मग उठले. 

झालं असं की दुसऱ्या कुणाची आई आपल्या दोघांना घेऊन निघाली होती, तिच्या मागोमाग ही फाटकातून बाहेर पडली. दारावरच्या माणसाला वाटलं, तिसरंही तिचंच. समोर बस उभी होती, तीत चढून बसली. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले, ही उतरेना. बस चालवणारी बाईमाणूस. तिने विचारलं तर हिने तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. चिठ्ठी आपल्या भाषेत. बाईने उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. मग जाकीट काढून बघितलं, कॉलरला पट्टी. नंबर लावला हॉस्पिटलला, शेजारचे तीन हिरवे टाके सांगितले, त्यावरून चष्मेवालीने मला ओळखलं. धुलाईखात्यात फोन आला की तुमचं एक कापड आमच्याकडे आलंय आणि त्यात एक मुलगी आहे. ही स्वयंपाकीणबाईची भर असेल, ती काहीही जोडते. पण हॉस्पिटलची चादर परत यावी तशी माझी पोर परत आली, हे खरं.

आम्ही पोचलो तेव्हा ती ड्रायव्हरच्या जागेवर बसून बिस्कीट खात होती. रडत नव्हती. मला बघून तिचा चेहरा पडला. हे मी लिहिणार नव्हते. आईला बघून पोर आनंदते, हिचा चेहरा पडला. चुकीचं माणूस न्यायला आल्यासारखा.

मी तिला थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. बस चालवणारीने माझा हात धरला आणि काहीतरी बोलली. स्वयंपाकीणबाईला विचारलं काय म्हणतेय. आयुष्यात पहिल्यांदा ती म्हणाली, "काही नाही."

खोलीवर आल्यावर विचारलं, "कुठे निघाली होतीस गं?"

"कुठे नाही. हरवायला."

"हरवायला?"

"हरवलं की पोचवतात ना आत्याकडे. तूच लिहिलंयस."

तिने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. अक्षर माझं. 'ही मुलगी हरवल्यास खालील पत्त्यावर पोचवावी.' आणि खाली तुमचा पत्ता, वन्सं. तुमचं नाव, गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर.

निघायच्या दिवशी सकाळी लिहिली होती. आपण बोलत नव्हतो. तुम्ही आत तांदूळ निवडत होता, मी बाहेर बॅगा बांधत होते. विमानतळावर गर्दी असणार, पोर हातातून सुटली तर, म्हणून जाकिटाच्या आतल्या खिशात चिठ्ठी घालून खिसा शिवून टाकला. नव्या जागेचा पत्ता एजंटच्या कागदावर होता, पण इकडच्या लिपीत. मला तो उतरवता येईना. मग जो येत होता तो लिहिला. इथे आल्यावर बदलायचा होता. चार महिने झाले. रोज दुसऱ्यांचे खिसे शिवते, हा एक राहिला.

तिने माझ्या छोट्या कात्रीने खिसा उसवला. इतका स्वच्छ की कापडाला ओरखडा नाही. आणि वाचलं. अक्षरं तुम्हीच शिकवलीत ना तिला, ओट्यावर बसवून? मी नाही शिकवली.

मी म्हटलं, "अगं, आत्याचं घर किती लांब आहे! विमान लागतं."

"बसवाल्या बाई पुढे विमानवाल्याला देणार होत्या."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण तसंच असेल."

तिचं गणित माझ्यापेक्षा सरळ आहे. फोन उचलला जात नाही, आई म्हणते आत्या कामात आहे, मग आपणच जायचं. होय, मी तिला तसं सांगते. आत्या कामात आहे. आत्या माझ्यावर रागावलीय हे सांगायचं तर पुढे का रागावलीय तेही सांगावं लागेल.

तेच आता लिहायचं आहे आणि पेन चालत नाही.

तुम्ही म्हणालात, "जायचं तर तू जा, पोरीला ठेव. तिला तळघरात नेऊन बसवणार आहेस का?" यात वाईट काही नव्हतं. खरं तर बरोबर होतं. आणि मी काय म्हणाले? "स्वतःला झालं नाही म्हणून माझं ओढून घेता का?"

वन्सं, तुमचा भाऊ गेला तेव्हा भिंगरी दीड वर्षाची होती. तुम्ही आम्हाला घरात घेतलंत. मी दिवसभर दुकानात ब्लाउज शिवत बसायचे आणि तुम्ही तिचे ताप काढलेत. आणि मी तेच नेमकं उचलून तुमच्या तोंडावर मारलं. मला माहीत होतं कुठे लागेल. शिवणाऱ्या बाईला कापड कुठे विरलंय ते बरोबर कळतं, तिथेच मी कात्री घातली. तुम्ही तांदूळ निवडत राहिलात. मग संध्याकाळी म्हणालात, "चहा घ्या." मला. बयो म्हणणाऱ्या बाईने मला 'घ्या' म्हटलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चुकलं माझं. हे फोनवर सांगायचं होतं. तुम्ही उचलला असता तरी सांगितलं असतं का, देव जाणे. बहुतेक हवापाण्याचं बोलून ठेवला असता.

पण तुमचंही चुकलं. लिहिते स्पष्ट. माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. पोरगी रोज रविवारची वाट बघते, फोन वाजत राहतो, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणते, "कामात असेल." सहा वर्षांच्या पोरीने कुणाकुणाला सांभाळून घ्यायचं?

स्वयंपाकीणबाई म्हणते, "पाठवून द्या हो आत्याकडे. तुम्ही मोकळ्या, ती सुखात." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी मलाच वाटलं, बरोबर बोलते की काय? तिथे ओटा, कडीचं दार, तुम्ही. इथे मी, आणि दमलेली. पाठवायचं म्हटलं की तिची बॅग काढायला हात जात नाही. ठेवायचं म्हटलं की बसमधला तिचा चेहरा दिसतो. आणि तिच्यासाठी ठेवतेय की स्वतःसाठी, हे मला ठरवता येत नाही. ती नसेल तर मी म्हणजे तळघरातले तीन हिरवे टाके. एवढीच. हे कारण धरायचं का? तुम्ही सांगा. नाही, सांगू नका. तुम्ही सांगितलंत की मी उलटंच करते.

काल तिला विचारलं, "तुला कायमचं जायचंय का आत्याकडे?" बटणं मोजत बसली. मग म्हणाली, "तू पण हरव ना माझ्याबरोबर."

म्हणून पाठवत नाही. अजून दीड वर्षाचा करार आहे, तो संपला की दोघी येऊ. येऊन राहू की तोंड दाखवून परत फिरू, ते तुमच्यावर. आता कळलं तर एवढंच कळलंय.

नवी चिठ्ठी केलीय. वरती इथला पत्ता. भिंगरीने इकडच्या लिपीत लिहून दिला, मी नुसती बघत होते. मग म्हणाली, "खाली आत्याचा." मी म्हटलं, थांब. मागच्या खेपेला तुमचा पत्ता तुम्हाला न विचारता घातला होता. या खेपेला विचारते आहे. ही पोर हरवली तर तुमच्याकडे पोचवावी, असं लिहू का?

हे पत्र हातात पडल्यावर जो रविवार येईल, त्या सकाळी फोन ती लावेल. मी बोलणार नाही, शेगडीपाशी उभी राहीन. तिच्याजवळ सांगा, हो की नाही.

जाकीट खुंटीला आहे. चिठ्ठी आत ठेवलीय, खालची ओळ कोरी. सुईत हिरवा दोरा ओवून ठेवलाय, पण खिसा मी अजून शिवलेला नाही.

तुमची बयो