अनवाणी पळालेल्या जोडेवाल्यास

समोरच्याचं तोंड बघितल्याशिवाय आपलं उघडू नये, एवढी अक्कल जन्मभर लोकांच्या पायांचीच मापं घेतल्यामुळे तुला आली नाही, हे आधी लिहिते. आता थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत? मी ठणठणीत. (मला काय धाड भरलीय.)

मंगळवारी तू आलास, खिडकीशी माझी शाल पांघरलेलं पांढरं डोकं बघितलंस आणि पाठीमागूनच म्हणालास, ‘ताई, पोरगी काही यातनं वाचत नाही गं.’ अरे शहाण्या, ती पोरगीच होती. मी मोरीत होते, तिथून सगळं ऐकलं. माझी नात वळून म्हणाली, ‘आजोबा, चहा टाकू?’ आणि तू जो पळालास तो जोडे दारातच टाकून.

आता केसांचं सांगते. हाडाचा कॅन्सर म्हणून मांडीचं हाड काढून सळई बसवली, सलाइनमधून औषधं दिली, पोरीचं टक्कल झालं, वाटलं सुटलो. तर वर्षभरात तोच फुप्फुसात निघाला. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, तिथे हाड कुठंय? त्या म्हणाल्या, गाव बदललं तरी आजार तोच, आजी. (म्हणजे मेला आडनावासकट हिंडतो.) जुनी औषधं त्याने पचवली, म्हणून आता गोळ्या. त्यांनी नवे आलेले केस पांढरे केले, ऐन विशीत. मी हबकले ते त्याने नाही. ही गोळी त्याला घालवत नाही म्हणे, नुसती थोपवून धरते, तीही जमेल तोवर. एवढं मोठं औषध आणि नुसतं दार अडवून उभं राहतं? मी असं म्हटल्यावर नात म्हणाली, ‘आजी, तू तरी दुसरं काय करतेस?’ डॉक्टरीणबाई हसल्या.

गोळीने तळपायांची सालटी निघतात, फोड येतात. सोसवलं नाही तर गोळी कमी करतील, नाहीतर बंद. पोरीला बंद करायची नाही. परवाच्या छातीच्या फोटोत गाठी वाढलेल्या नाहीत.

तुझी ताई

ता. क. तुझे जोडे परत मिळणार नाहीत. आतून झिजून लोण्यासारखे मऊ झालेत. दोन-दोन मोजे चढवून ती त्यांत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली, न कण्हता. तसाच जोड तिच्या मापाचा शीव. डावा पाय आखूड आहे, तिकडची टाच उचल. आत शिवण लागता कामा नये.

आणखी ता. क. तळ पक्का घाल. ‘तिला असा कितीसा लागणार’ हे मनात जरी आणलंस तरी मला टाक्यावरून कळेल. उत्तर तुझ्या बायकोने लिहायचं. तू तोंड मिटून शीव.